मला काय, मी आहेच

समोर अकरा धिप्पाड जर्मन अंगावर यायच्या तयारीत ओणवे उभे असायचे आणि आमचा अविदादा त्यांच्याकडे शांतपणे बघून "कोथिंबीर!" असं ओरडायचा. त्याबरोबर आमच्याकडचे सगळे, त्यात मी सोडून बाकी अस्सल श्वाबियन, म्हणजे स्टुटगार्टकडचे जर्मन, ठरल्याप्रमाणे उजवीकडे फुटायचे. "चिंच" म्हटलं की डावीकडे. "गूळ" म्हणजे चेंडू जवळच्या माणसाकडे हळूच सोपवायचा, आणि "फोडणी" म्हणजे जीव घेऊन पुढे पळायचं, कारण अविदादा आता लांब फेकणार. समोरच्यांना जर्मन कळतं, इंग्रजीही कळतं, म्हणून त्यानं इशाऱ्यांना आपल्या स्वयंपाकघरातले शब्द लावले होते. एका रेफ्रीनं एकदा खेळ थांबवून या शिव्या तर नाहीत ना, अशी चौकशी केली होती. सामना संपल्यावर अविदादानं त्याला फोडणी म्हणजे काय ते मोहरीपासून समजावून सांगितलं.

हा खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. पायानं खेळायचा तो नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन, ढकलाढकली करत पुढे जायचं तो. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक माणूस असतो. डाव कुठला टाकायचा हे तो ठरवतो आणि चेंडूही तोच फेकतो. संघात ही जागा एका वेळी एकाचीच. अविनाश मोहिते सांगलीला इंजिनिअरिंग करताना भालाफेकीत बक्षिसं मिळवायचा. पुढे शिकायला स्टुटगार्टला आला. माणूस कमी पडतोय म्हणून वर्गातल्या कुणीतरी त्याला मैदानावर नेलं, आणि यानं तो विचित्र आकाराचा चेंडू असा काही फेकला की ट्रेनर उलीनं त्याला परत सोडलंच नाही. मग नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, कपाळ वर वर सरकत गेलं, पण गेर्लिंगेनजवळच्या त्या छोट्याशा फेराइनचा, म्हणजे आमच्या क्लबचा, क्वार्टरबॅक अविदादाच राहिला.

मी त्याच्या ऑफिसात लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये तो माझ्यासमोर ट्रे घेऊन बसला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "वजन बरं कमावलंयस. सेंटर म्हणून चालशील." सेंटरनं ओणवं होऊन दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकच्या हातात द्यायचा आणि मग समोरून येईल त्याला अंगावर घ्यायचं. परदेशात मराठी माणूस मराठी माणसाला घर शोधून देतो, डाळीचं दुकान दाखवतो. यानं मला दर रविवारी मार खायची सोय करून दिली. मी हौसेनं खाल्ला, हेही खरंच.

शिकवताना तो फार बोलायचा नाही. "आधी पाय, मग हात," एवढंच. सामना अंगाशी आला आणि आम्ही घाबरून एकमेकांवर ओरडायला लागलो की तो मध्ये उभा राहून मराठीतच विचारायचा, "घाई कुणाला आहे?" अर्थ कुणाला कळायचा नाही, पण सगळे गप्प व्हायचे. आणि तिसरं वाक्य, जे त्याच्या तोंडी दिवसातून चारदा असे: "मला काय, मी आहेच." दूरच्या सामन्याला व्हॅन कोण चालवणार? मला काय, मी आहेच. सॉसेजच्या स्टॉलवर उभं कोण राहणार, चिखलानं भरलेल्या जर्स्या धुवायला कोण नेणार? तो आहेच. माणूस कायम असला की लोक त्याला मोजायचं विसरतात. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मीही त्याच्याच व्हॅनमध्ये झोपून जाणाऱ्यांपैकी होतो.

चाळिशी उलटल्यावर त्याचा खांदा कुरकुरायला लागला. त्या हिवाळ्यात क्लबच्या बैठकीत उलीनं विषय काढला. र्युसेल्सहाइमकडचा लुकास नावाचा एक तरुण क्वार्टरबॅक शिकायला स्टुटगार्टला येणार होता. "तुझ्या मागे, आवी. फक्त खबरदारी म्हणून. तुझी हरकत असेल तर सांग."

"हरकत कसली? जरूर घ्या," अविदादा म्हणाला. "मला काय, मी आहेच."

आमच्या लीगमध्ये खेळाडूला पगार नसतो. इथे खेळाडू करारबद्ध करायचा म्हणजे त्याला राहायला खोली शोधून द्यायची. स्टुटगार्टमध्ये खोली मिळवणं हे लग्न जमवण्याइतकं अवघड काम. ते कुणी केलं? अविदादानं. आपल्या ओळखीपाळखी वापरून त्यानं टेकडीवरच्या एका घरात लुकाससाठी खोली मिळवली, आणि जिथे गाडी जात नाही अशा पायऱ्यांवरून त्याची गादी आम्ही दोघांनी चढवली. गादीचं पुढचं टोक अविदादाच्या दुखऱ्या खांद्यावर होतं. मी म्हटलं, "अरे, आपल्याच जागेवर येणाऱ्याची गादी वाहतोयस."

"जागेवर नाही, मागे," तो धापा टाकत म्हणाला. "नीट धर."

लुकास वाईट नव्हता. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. नम्र होता, वेळेवर यायचा, अविदादा सांगेल ते मन लावून शिकायचा. कोथिंबिरीपासून फोडणीपर्यंत सगळे शब्द अविदादानं त्याच्याकडून घोटून घेतले. हंगाम सुरू झाला. सुरुवात अविदादा करायचा, पण खांदा दुखायला लागला की उत्तरार्धात लुकास यायचा आणि आमचे गुण वाढायचे. पुढे पुढे मध्यंतराला सगळ्यांचे डोळे लुकासकडे वळायला लागले. अविदादाला ते दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

शेवटचा सामना उरला तेव्हा परिस्थिती अशी होती की हरलो तर खालच्या लीगमध्ये जाणार. एस-बान लोकलनं घरी येताना अविदादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "एवढा एक सामना खेळतो. मग मीच सांगणार, बास. ईरापण येणार आहे बघायला." ईरा त्याची मुलगी. बापाचा खेळ तिला आजवर कंटाळवाणा वाटायचा. त्या सामन्याशिवाय त्याला दुसरं काही नको होतं, हे मला त्या वाक्यावरून स्वच्छ कळलं. इतकं उघड तो एरवी कधी काही मागायचा नाही.

गुरुवारी सराव संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत उली मधोमध उभा राहिला. "आल्झो, तर मग," तो म्हणाला, "रविवारी सुरुवात कोण करणार? आवी, तू इतकी वर्षं या संघाला सांभाळलंस. तूच सांग. तू की लुकास?"

'मी' म्हणायचं होतं. एक अक्षर. अविदादा हातातल्या हेल्मेटचा पट्टा ओढत हसला आणि म्हणाला, "लुकासच खेळू दे. चांगल्या फॉर्मात आहे. मला काय, मी आहेच."

यापुढे काय व्हायला हवं, ते कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. "छे छे, असं कसं, तुम्हीच पाहिजे" असा गलका व्हायला हवा. मग यानं आणखी एकदा नको म्हणायचं, कुणीतरी दंडाला धरून उठवायचं, आणि यानं "आता तुम्ही म्हणताच आहात तर" म्हणत उठायचं. सत्काराच्या खुर्चीपासून तिसऱ्या पोळीपर्यंत आपल्याकडे सगळं असंच चालतं. पहिला नकार कुणी नकार म्हणून धरतच नाही. अविदादाच्या घरी तर मी ताटावर हात आडवा धरला तर तो बोटांच्या फटीतून तूप सोडायचा. तोच माणूस आता आपल्या ताटावर हात धरून बसला होता, आणि वाढणारे होते श्वाबियन.

 मग एकानं बाकावर मुठीनं ठोकलं. दुसऱ्यानं ठोकलं. पाहता पाहता सगळी खोली बाक बडवायला लागली. इकडे एखाद्याचा मान करायचा तर टाळ्यांऐवजी असं ठोकतात. इतका मोठा मान त्या खोलीत कुणाला मिळालेला मी पाहिला नव्हता. अविदादा हसत उभा होता आणि त्याचे डोळे एकेका चेहऱ्यावरून फिरत होते.

मला राहवलं नाही. मी ओरडलो, "उली, त्याला खेळायचंय! तो नुसतं तसं म्हणतोय!"

ठोकणं थांबलं. उली सज्जन माणूस. त्यानं गंभीरपणे विचारलं, "आवी, हे खरं आहे का? तुला खेळायचं आहे का?"

पुन्हा प्रश्नच! अरे, आग्रह म्हणजे प्रश्न नव्हे. 'मला हवंय' हे त्या माणसाच्या तोंडून निघणार असतं तर तो पहिल्यांदाच बोलला असता. त्याला हुकूम हवा होता, 'काही ऐकणार नाही, तूच खेळायचं' असा. तो माझ्याकडून चालला नसता, कारण घरच्या माणसाचा आग्रह कुणी जमेला धरत नाही.

"नाइन, नाइन," अविदादा म्हणाला. "बोललो ते बोललो." मग माझ्याकडे न बघता मराठीत, "तू गप बस रे. उगाच तमाशा नको."

"गेनाऊ, बरोबर. मग ठरलं," उली म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी दिसलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

रविवारी अविदादा सगळा जामानिमा करून रेषेबाहेर उभा होता. हेल्मेटसुद्धा चढवलेलं. पाणी प्यायलाही त्यानं ते काढलं नाही. मी मैदानात ओणवा होऊन लुकासच्या हातात चेंडू देत होतो. सामना बरोबरीत अडकला असताना माझ्या मागून लुकासचा आवाज आला, "फोडणी!" उच्चार स्वच्छ होता. चेंडू डोक्यावरून गेला, लांबवर कुणीतरी तो झेलला आणि आम्ही जिंकलो. हरलो असतो तर निदान कुणाच्या तरी मनात आलं असतं, आवी असता तर! जिंकल्यामुळे तेही गेलं. उलीनं अविदादाला मिठी मारली आणि बिअरचा ग्लास उंच करून त्याच्या मोठेपणावर भाषण केलं. मला त्या सगळ्यांचा संताप आला, आणि सगळ्यांत जास्त अविदादाचा. जी गोष्ट जिवापलीकडे हवी, ती दुसऱ्यानं हातात कोंबावी ही कसली हौस!

पार्किंगमध्ये तो गाडीच्या दारात बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. वहिनी म्हणाल्या, "अहो, सरळ सांगायचं ना, खेळायचंय म्हणून."

ईराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती जर्मनमध्येच देते. ती म्हणाली, "डू हास्ट डॉख नाइन गेझाग्ट, पापा." तूच तर नाही म्हणालास, बाबा. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच कोडं पडलं होतं. अविदादानं मान वर केली, तिच्याकडे बराच वेळ बघितलं आणि पुन्हा नाड्या सोडायला लागला.

त्यानं क्लब सोडला. उलीनं वाईट वाटल्याचं सांगितलं, मनापासून आभार मानले आणि निर्णयाचा आदर केला. जर्सी अविदादानं धुऊन, इस्त्री करून परत दिली. पुढच्या हंगामात नवीन आलेल्या पोरांना ते कोथिंबीर-चिंचेचे शब्द लुकासनंच शोधून काढलेत असं वाटायचं. मी एक-दोघांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विसरून गेले.

पण खरा बदल घरी झाला. इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीच्या जेवणात वाढणाऱ्या एकीनं अविदादाला श्रीखंड हवं का विचारलं, तर तो म्हणाला, "हो. दोन चमचे." तिनं हातातला चमचा तसाच धरून माझ्याकडे बघितलं. त्याच्या घरी गेलं की तो एकदा विचारायचा, "चहा?" पाहुणा सवयीनं "नको, आत्ताच झालाय" म्हणाला की "बरं" म्हणून विषय संपवायचा. वहिनी आतून कप घेऊन यायच्या तर त्यांना म्हणायचा, "तो नको म्हणाला ना? मग?" लोक आधी हसले, मग दुखावले. 'मोहिते पक्का जर्मन झाला' असं म्हणत त्यांनी हळूहळू जाणं सोडलं. तो काही जर्मन झाला नव्हता. जर्मन माणूस नुसतं विचारतो आणि मोकळा होतो. हा विचारायचा आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहायचा.

मग त्याला र्युसेल्सहाइमला नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी ऑफिसातून परस्पर निरोप घ्यायला गेलो. घरभर खोकी होती, वहिनी आणि ईरा पुढे गेल्या होत्या. शेगडीवर पिठलं रटरटत होतं आणि लसणाचा वास सुटला होता. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. आम्ही खोक्यांवर बसून इकडचं तिकडचं बोललो. फुटबॉल सोडून सगळं. उठायची वेळ झाली. या माणसानं मला या देशात हाताला धरून उभं केलं होतं, आणि पुन्हा असं बसणं होणार नव्हतं.

"जेवणार आहेस?" अविदादानं विचारलं.

"नको रे," मी म्हणालो. "तुला उगाच कशाला त्रास."

तो माझ्याकडे बघत राहिला. मीही त्याच्याकडे बघत राहिलो. मला वाटलं, आता तरी म्हणेल.

"बरं," अविदादा म्हणाला आणि माझा कोट आणायला आत गेला.