गोमाबुवा ‘चुकलो’ म्हणाले नाहीत

१९४६ सालच्या हनुमान जयंतीच्या सकाळी, मारुतीच्या जन्माचा गुलाल अजून कपाळावर असताना, खालापूर तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावाने गोमाबुवांना वाळीत टाकले. अन्याय कोणावर झाला आणि केव्हा झाला हे आधीच लिहून ठेवतो, कारण आज त्या गावात जो तो म्हणतो, “आमी काय केलं? त्यांचं त्यांनीच तोडलं.” गावाचे नाव मी देत नाही. दिले तर बाकीची गावे सुटलो म्हणून हसतील.

बुवांची माझी ओळख पत्रकामुळे झाली. मी कर्जतच्या भिसेगावचा. वय तेव्हा बावीस. आमच्या मंडळाने ‘देव कोणी पाहिला?’ असे पत्रक छापले होते आणि त्याचा गठ्ठा काखेत मारून मी साजगावपासून खाली गावोगाव हिंडत होतो. बुवा उंबराखाली दावे वळत बसले होते. त्यांनी पत्रक घेतले, उलटे धरले आणि परत दिले.

“मला वाचता येत नाय रं. तूच वाच.”

मी वाचले. चार पाने, खड्या आवाजात. बुवा दावे वळत राहिले. संपल्यावर म्हणाले, “झालं? आता जेवून घे.”

“पण बुवा, तुमचं म्हणणं काय?”

“म्हननं काय असायचं? उन्हाचा आलास, उपाशी हायस. देव नाय तो जेवल्यावर बी नसंल.”

तेव्हापासून त्या बाजूला गेलो की त्यांच्याकडे भाकरी ठरलेली. मी वाद घालायचा आणि त्यांनी “झालं? आता जेव” म्हणायचे. येसूकाकी, त्यांची बायको, चुलीपासून ओरडायची, “त्याला बोलू तरी द्या की!” बुवा म्हणायचे, “बोलू दे गं. बोलून भूक लागते.”

मी त्यांना संत करायला बसलेलो नाही. बुवा तापट होते. तंबाखूसाठी बायकोवर खेकसायचे. दारात कातकरी आला तर त्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे, तांब्या त्याच्या हाती देत नसत. यावर मी एकदा भांडलो, तर म्हणाले, “बापानं असंच घातलं, आमी असंच घालतो.” तीस वर्षांच्या हरिनामाने त्यांची ही खोड गेली नव्हती. देव मानल्याने माणूस आपोआप चांगला होतो असे सांगणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

पण ती तीस वर्षे गावच्या सप्ताहाची वीणा त्यांच्याच भरवशावर चालली होती, हेही खरे. रामनवमीपासून हनुमान जयंतीपर्यंत मारुतीच्या देवळात अखंड नामस्मरण चालायचे. अखंड म्हणजे वीणा जमिनीला टेकता कामा नये. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दिवसरात्र. दुपारचा पहारा कोणाला नको असतो. जेवणाची वेळ, डोळ्यांवर झापड, पत्रा तापलेला. तो बुवा मागून घ्यायचे.

त्या वर्षी पाचव्या दिवशी दुपारी मीही तिथे होतो. मंडपाबाहेर पत्रके वाटत होतो. तेवढ्यात नदीकडून बाईची किंकाळी आली.

आमच्याकडच्या नदीला चैत्रातही पाणी येते. वर खोपोलीच्या वीजघरातून सुटले की कोरड्या पात्रात बघता बघता छातीभर लोंढा होतो. सोमी नावाची एक कातकरीण डोहात मासे धरायला उतरली होती. पाठीला तान्हे पोर बांधलेले. पाणी चढले तशी ती मधल्या खडकावर चढली, आणि खडक बोटाबोटाने बुडत चालला.

सारा मंडप नदीवर धावला. टाळकरी गेले, मृदंगवाला गेला, पुढच्या पहाऱ्याचा माणूस तोंडातला घास गिळत गेला. काठावर दोनशे माणूस उभे राहिले आणि बोलू लागले.

“कातकरीन हाय ती. मासोळीवानी पोहंल.”

“पाठीला पोर हाय रं तिच्या!”

“उतरंल पानी घटकाभरात. वीजघरवाले बंद करतील.”

“तू जातोस का मग?”

“माझा उपास हाय.”

गावकीचे म्होरके दामू पाटील हात जोडून म्हणाले, “मारुतीराया हाय तिच्या पाठीशी.” मी त्यांच्या अंगावर गेलो. म्हटले, “पाटील, तुमचा मारुती खाली उतरतोय की नाही ते बघू या आता!” आमची तिथेच जुंपली. मला पोहता येत नव्हते हे खरे. पण दोर आणायला पोहता यावे लागत नाही. आस्तिक दोनशे होते, नास्तिक मी एकटा होतो, आणि आम्ही सगळे काठावर होतो.

देवळात एकटे बुवा राहिले होते. गळ्यात वीणा. त्यांनी हाका मारल्या, “कोन हाय रं? वीना घ्या!” देवळालगतच्या ओसरीवरून पुजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईने त्या ऐकल्या; तिनेच पुढे मला सांगितले. तीन वेळा हाक मारली. घ्यायला कोणी फिरकले नाही. मग त्यांनी वीणा गळ्यातून काढली, मारुतीसमोर फरशीवर उपरणे पसरले, त्यावर ती ठेवली आणि नमस्कार केला. मंडपाच्या खांबाचा दोर सोडला. एका बाजूने मंडप बसला.

आम्हाला दिसले ते एवढेच, की कोणीतरी दोर काठावरच्या उंबराला बांधून, दुसरे टोक कमरेला घेऊन, उताराच्या तिरप्या वाटेने पाण्यात शिरतो आहे. पन्नाशी उलटलेला माणूस. सोमीला आणि पोराला घेऊन ते काठाला लागले तेव्हा लोकांनी जयघोष केला. मारुतीचा! बुवा वाळूवर पालथे पडून पाणी ओकत होते आणि जयजयकार मारुतीचा चालला होता.

मग सगळे परत देवळात गेले, आणि त्यांना वीणा जमिनीवर दिसली.

ओरड झाली. गोमूत्र शिंपडले, वीणा उचलली, कोणाच्या तरी गळ्यात घातली. सप्ताह मोडला म्हणणाऱ्यांनीच उरलेले दिवस तो रेटून पुरा केला. जयंतीच्या सकाळी गावकी बसली. वीणा सोडून बघायला पळालेल्यांना कोणी काही विचारले नाही. ती ज्याने तीन हाका मारून ठेवली, तो गुन्हेगार ठरला. पाटील म्हणाले, “बुवा, गाव काय जास्ती मागत नाय. वीनेसमोर आडवे पडा, ‘चुकलो’ म्हना. झालं.”

बुवा आडवे पडले. साष्टांग. उठून म्हणाले, “पुढल्या साली सातही दिवस मी एकटा उभा ऱ्हातो. गावजेवन घालतो. पन चुकलो म्हननार नाय.”

“का? जीभ झिजते?”

“दामूभाऊ, चुकलो म्हनलो तर ती बाई नि पोर मरायला पायजे हुती असं म्हनल्यासारखं हाय. ते देवासमोर माझ्या तोंडातून येनार नाय.”

संपले. न्हावी बंद, गिरणी बंद, विहिरीवर येसूकाकीची पाळी सर्वांच्या शेवटी, लग्नात अक्षता नाही, मयतात खांदा नाही.

आता माझा गुन्हा. मी कर्जतला जाऊन दुसऱ्या आठवड्यात पत्रक काढले: ‘वीणा फेकणारा बंडखोर’. गोमाबुवा आमचे झाले, त्यांनी देव झुगारला, असे ठोकून दिले. ते गावात वाचले गेले. पाटलांना हवा होता तो पुरावा मी छापून दिला. बुवांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच जेव म्हटले नाही.

“मी फेकली नाय रं. ठेवली. उपरनं घालून ठेवली.”

मी तरीही हट्टाने विचारले, “बुवा, देवाने सांगितले म्हणून गेलात का पाण्यात?”

“नाय. बाई वरडत हुती म्हनून गेलो.”

“मग देव लागला कशाला?”

त्यांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, “परत येताना लागला. कमरेत जोर नव्हता.”

त्यांना देवाने चांगले केले असे मी म्हणणार नाही. तोच देव पाटलांचाही होता. मात्र त्यांचा देव काढून घेऊन त्यांना आमच्या मंडळात बसवायचा मला अधिकार नव्हता, एवढे कळले.

दीड वर्ष ते देवळाच्या बाहेर, रस्त्यावर उभे राहून काकडा ऐकायचे. त्यांना पायरीवर चढू देत नसत. स्वराज्य आले, पाटलांनी देवळासमोर झेंडा लावला, पेढे वाटले. बुवांच्या घरी पेढा गेला नाही.

त्या कार्तिकात त्यांना हिवताप झाला. तिसऱ्या दिवशी शुद्ध हरपली. खालापूरच्या दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती. शेजारच्या दोन गोठ्यांसमोर एकेक गाडी उभी होती, बैल दावणीला रवंथ करत होते. येसूकाकी पदर पसरून दोन्ही दारांत गेली. “गावकीला विचारतो,” असे दोन्हीकडे उत्तर मिळाले. विचारून होईपर्यंत दुपार टळली आणि बुवा गेले. कडावचा त्यांचा जावई, मी, आणि आमच्या छापखान्यातले दोघे, असे चार खांदे झाले. गावातली दारे लावलेली होती. त्या दिवशी एकादशी होती, देवळात भजन चालू होते, आणि आम्ही तिरडी घेऊन समोरून गेलो तेव्हा ते थांबलेसुद्धा नाही.

येसूकाकी आजही वाळीत आहे. अजून शेवटीच पाणी भरते.

रामनवमी आठ दिवसांवर आली आहे. त्या काठावर उभे राहिलेल्यांपैकी कोणी हे वाचत असाल, तर तुम्हाला सांगतो: देव माना, नका मानू, तो तुमचा प्रश्न. पण सप्ताहाची वीणा उचलण्यापूर्वी मंडपात उभे राहा आणि मोठ्याने, पाटलांच्या तोंडावर म्हणा, “त्या दिवशी आम्ही चुकलो.” मग येसूकाकीच्या दारात जा आणि तेच तिला सांगा. आणि तुम्ही त्या गावचे नसाल, तर तुमच्या गावात वाळीत टाकलेले घर कोणते ते तुम्हाला माहीत आहे. हा कागद खाली ठेवा आणि उद्या सकाळी, सगळ्यांच्या देखत, त्या घरी जा.