न पुसलेले पॅनेल

बहारीनला असताना हूरा भागातल्या आमच्या कचेरीच्या गच्चीवर चाचणीसाठी दोन सौर पॅनेल बसवलेली होती. ती सांभाळणारा तंत्रज्ञ रत्नागिरीकडचा. रोज सकाळी ‘बिस्मिल्ला’ म्हणत तो ओल्या फडक्याने ती आरशासारखी पुसे, आणि मगच चहा घेई. त्याच पॅनेलांच्या नोंदींवरून मी एका लहान बेटाला डिझेलकडून सौरविजेकडे नेण्याची योजना आखत होतो. तिथल्या दवाखान्यातला लशींचा फ्रिजही तिच्यात होता.

योजना पाठवायच्या आठवड्यात एक पॅनेल धुळीने माखलेले दिसले. मी त्या तंत्रज्ञाला चारचौघांत आळशी म्हटले. त्याने मला मीटर दाखवला. मळक्या पॅनेलची वीज बरीच उतरली होती.

“मुद्दाम ठेवलंय, सायेब. तुमच्या बेटावर रोज पुसणार कोण? मला तिथला व्हिसा काढताय काय?”

आजवर मी उन्हासोबत त्याचे कष्टही मोजत आलो होतो, आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. बेटावर वीज अपुरी पडून लशी नासल्या असत्या. मी योजना थांबवली, पॅनेल वाढवली, पुसणाऱ्या माणसाची जागाही तिच्यात लिहिली.

चारचौघांतच त्याची माफी मागितली, तेव्हा तो फडके पिळत म्हणाला, “खलास, सायेब, विषय संपला. चहा निवतोय.”