हो म्हणणारी गल्ली

पाळणाघरवाल्या काकूंना मोजायची सवय होती. अकरा मुलं. सकाळी आठला मोजायची, जेवणाआधी मोजायची, झोपली की मोजायची, आणि कुणाची आई न्यायला येऊन गेली की उरलेली पुन्हा मोजायची. पंधरा वर्षांपूर्वी एकदा एक कमी भरलं होतं. ते पोर चादरींच्या कपाटात गाढ झोपलेलं सापडलं, पण सापडेपर्यंतची वीस मिनिटं काकूंच्या अंगातून कधी गेलीच नाहीत.

पाळणाघर गल्लीतल्या तिमजली इमारतीत, तळमजल्यावरच्या नगरपालिकेच्या खोलीत होतं. खोलीची किल्ली काकूंकडे असे, आणि किल्लीबरोबर हळूहळू बाकीचंही त्यांच्याकडे आलं. मीटर वाचायला आलेला माणूस आधी त्यांच्या दाराशी थांबे. सापडलेली पाकिटं त्यांच्याकडे जमा होत. भांडण झालं की दोन्हीकडची माणसं त्यांनाच साक्षीला ओढत. पुढारी व्हायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

दोन रस्ते सोडून समाजकार्य महाविद्यालय होतं. तिथली मुलंमुली दरवर्षी गल्लीत शिकायला येत, पिशव्या काकूंच्या खोलीत ठेवत आणि हातात फॉर्म घेऊन घरोघर जात. अठ्ठेचाळीस घरं, बत्तीस प्रश्न. एक दिवस प्राचार्यांचं पत्र आलं: महाविद्यालयाच्या सल्लागार मंडळावर परिसरातल्या जाणत्या व्यक्ती हव्या आहेत, आपण यावं.

काकूंचे यजमान कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करत. पत्र त्यांनी भिंगातून वाचलं.

"सल्लागार! मग आता मलाही एक सल्ला द्या. हे टेबलावरचं घड्याळ तीन दिवस झाले, चालत नाही."

"दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे न्या," काकू म्हणाल्या.

मंडळावर सात जण होते. काकूंच्या ओळखीचे दोघंच: औषधाच्या दुकानाचे मालक आणि निवृत्त मुख्याध्यापक. प्रत्येकाच्या समोर पाण्याची बाटली आणि एक पाटी. काकूंच्या पाटीवर 'समुदाय प्रतिनिधी' असं होतं. पहिली दोन वर्षं त्या वेळेवर गेल्या, वेळेवर उठल्या आणि मध्ये फारसं बोलल्या नाहीत. बैठकीत बोलायला अडीच वाजता सुरुवात व्हायची आणि काकूंचं निम्मं लक्ष अडीच वाजता कोण कोण जागं होतं याकडे असायचं. तेवढा वेळ मुलं यजमानांवर सोपवलेली असत, आणि यजमान मोजत नसत.

आता मुद्द्याची गोष्ट. हे फॉर्म गल्लीला नकोसे झाले होते. पहिल्या वर्षी बायकांनी हौसेनं उत्तरं दिली, दुसऱ्या वर्षी आठवून आठवून दिली. तिसऱ्या वर्षी जिन्यात सगळ्या जमून कुरकुरायला लागल्या, तेव्हा तोडगा काकूंनीच काढला.

"सरळ हो म्हणा," त्यांनी सांगितलं. "नाही म्हटलं की 'का नाही' विचारतात, मग 'कधीपासून नाही' विचारतात. हो म्हटलं की खूण करतात आणि पुढच्या प्रश्नावर जातात. दहा मिनिटांत मोकळ्या."

तोडगा लागू पडला. गल्ली धडाधड हो म्हणायला लागली. बचत करता? हो. वाचनाची आवड? हो. सतरावा प्रश्न होता, घरात कुणी दारू घेतं का. हो! दुसऱ्या मजल्यावरच्या शिलाईवालीनं तर कहर केला. जिन्यात उभ्या असलेल्या एका लाजऱ्या मुलीला ती म्हणाली, "घेतो म्हणजे? अगं, शिलाई मशीनच्या पेटीत ठेवतो, बॉबिनांच्या खाली. मी दोऱ्याला हात घालते आणि हाती लागते बाटली. एकदा गिऱ्हाइकासमोर काढली! म्हटलं, ताई, हे अस्तर नको, दुसरं दाखवते." वरच्या आणि खालच्या जिन्यातल्या बायका तोंडावर हात धरून भिंतीला टेकल्या. काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. शिलाईवाली होतीच तशी. ती बोलायला लागली की माणसं हातातलं काम सोडत.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या बैठकीत खोलीत अंधार करून पडद्यावर आकृती दाखवली. दाखवणाऱ्या मॅडम नव्या होत्या, तरुण होत्या, आणि या पाहणीवर त्यांनी वर्षभर मान मोडून काम केलं होतं. बाकीच्या गल्ल्यांचे खांब बोटभर, आणि एक लाल खांब पडद्याच्या वरच्या कडेला टेकलेला. अठ्ठेचाळीसपैकी एकेचाळीस घरांत व्यसन, मॅडम म्हणाल्या.

काकूंना वाईट वाटलं. त्या शेजारच्या औषधवाल्यांकडे वाकल्या. "बिचाऱ्या बायका. कुठली हो ही गल्ली?"

औषधवाल्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपली."

पुढचं काकूंना तुकड्यातुकड्यांत ऐकू आलं. व्यसनमुक्ती आणि समुपदेशन केंद्र. दिवसभर चालेल. निधी मिळण्यासारखा आहे, किमान तीस घरांची गरज दिसली पाहिजे, ती तर दिसतेच आहे. जागा म्हणून तळमजल्यावरची नगरपालिकेची खोली. नगरपालिका तयार आहे, मंडळाचा ठराव हवा. सध्या तिथं असलेल्या मुलांची अन्यत्र सोय पाहता येईल.

"अन्यत्र म्हणजे कुठे?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला.

"ते पाहू," प्राचार्य म्हणाले. ते सज्जन होते, म्हणून त्यांनी वहीत लिहूनही घेतलं: अन्यत्र, पाहणे.

अकरा मुलं. अकराच्या अकरा आया सकाळी आठला कामावर हजर असायला हव्यात. काकूंनी पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली आणि सगळं सांगून टाकलं. तोडगा कुणाचा, कशासाठी, जिन्यात कोण काय म्हणालं, सगळं.

कुणीतरी दिवा लावला. मुख्याध्यापकांनी चाळीस वर्षांच्या सवयीनं निकाल दिला. "म्हणजे आख्ख्या वर्गाला तुम्ही कॉपी पुरवलीत."

"पुरवली," काकू म्हणाल्या. "पण केंद्राची गरज नाही. एकाही घरात तसलं काही नाही. हवं तर लिहून देते."

मॅडमनी पडद्यावरची आकृती बंद केली. वायर गुंडाळता गुंडाळता त्यांच्या हातून दोनदा सुटली. काकूंना एकदम आपली मुलगी आठवली. ती परगावी नोकरीला होती, आणि तिच्याही वर्षभराच्या कामावर कुठल्या तरी खोलीत कुणीतरी असं पाणी ओतत असेल, असं त्यांच्या मनात आलं.

प्राचार्यांनी ठराव पुढे ढकलला. पाहणी पुन्हा होईल, आणि ती काकूच करतील. "तुमच्याशी कोण खोटं बोलणार?"

दुसऱ्या दिवशी मुलं गेल्यावर, संध्याकाळी काकू फॉर्मांचा गठ्ठा घेऊन निघाल्या. पहिल्याच दारात हसणं. "काकू, तुम्हीसुद्धा? लिहा हो. सगळ्याला हो."

"या वेळी खरं सांग बाई, नाहीतर पाळणाघर जातंय."

मग सगळीकडे नाही. पाळणाघर जातंय म्हटल्यावर कोण हो म्हणेल? हे काकूंच्या ध्यानात यायला सोळा घरं जावी लागली. सतरावं घर शिलाईवालीचं. ती मशीनवर होती. नवरा घरात नव्हता. काकू कापडाचे तुकडे सरकवून पलंगाच्या कडेवर टेकल्या आणि एकेक प्रश्न वाचायला लागल्या. शिलाईवाली टाके न थांबवता उत्तरं देत होती.

"सतरा. इथं नाही लिहिते."

"माझं मागच्या वेळचंच लिहा."

काकू हसल्या. "आता पुरे हं. बॉबिनांच्या खाली!"

मशीन थांबलं. शिलाईवालीनं सुईखालून कापड सोडवलं, दोरा दातांनी तोडला. ती हसत नव्हती, रडतही नव्हती. बाह्यांची जोडी जुळवून तिनं घडी घातली. "तीन वर्षं तेच सांगतेय, काकू. तुम्ही सगळ्या हसता म्हणून सांगता येतं."

काकूंना आपलं जिन्यातलं हसू आठवलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंतचं. मशीनच्या पेटीकडे त्यांनी बघितलं नाही. निघताना त्यांनी सतराव्या प्रश्नापुढे 'हो'वर खूण केली. एकाही घरात नाही, असं लिहून द्यायला निघालेल्या बाईनं.

त्यानंतर त्या आधीच्या सोळा घरांत परत गेल्या, मग उरलेल्या घरांत. पाळणाघराचं नाव या वेळी काढलं नाही. फॉर्म पिशवीतच ठेवला. कुणाच्या घरी शेंगा सोलू लागल्या, कुणाच्या घरी कपड्यांच्या घड्या घातल्या आणि प्रश्न शेवटी विचारला. एका घरात उत्तर ऐकायला दोनदा जावं लागलं. एकीनं दार लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खाली आली. बत्तिसावा प्रश्न 'इतर काही' असा होता आणि तो आजवर कोराच राहत आला होता. तिथं एकोणचाळीस घरांनी एकच सांगितलं: जिन्याला कठडा नाही, पोरं पडतात.

यजमान म्हणाले, "पंधरा दिवस झाले. माझी घड्याळंसुद्धा एवढा वेळ घेत नाहीत."

"तुमच्या घड्याळांना लाज नसते," काकू म्हणाल्या.

आकडा आला सहा.

बैठकीत काकूंनी सहा असा सांगितला आणि मागच्या खेपेला आपण एकही नाही म्हटलं होतं, ते चुकीचं होतं, असंही सांगितलं. घरं कुठली ते सांगितलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, सहासाठी केंद्र होत नाही. प्राचार्यांनी निधीची अट पुन्हा वाचली आणि ठराव मागे घेतला. जिन्याचा कठडा महाविद्यालयाच्या कक्षेत बसत नव्हता. त्याबद्दल नगरपालिकेला पत्र पाठवायचं ठरलं आणि ते पाठवलंही गेलं. खोली राहिली. काकूंनी जे मागितलं होतं ते मिळालं होतं. आता पाटी मागे सारून उठायचं, एवढंच बाकी होतं.

त्या उठल्या नाहीत. "मॅडम," त्या म्हणाल्या, "सहासाठी केंद्र नको. पण तुम्ही एकट्या याल का? दर गुरुवारी, दोन ते चार. तेव्हा मुलं झोपलेली असतात."

मॅडमनी मागच्या बैठकीपासून काकूंकडे नीट पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. "बाया येतील?"

"माहीत नाही."

"आणि मुलं उठली तर?"

"तर तुम्ही एकीला घ्या, मी एकाला घेते."

पहिले दोन गुरुवार कुणी आलं नाही. मॅडम मुलांच्या गाद्यांमधून पाय उचलत उचलत कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर जाऊन बसल्या आणि चारला उठून गेल्या. तिसऱ्या गुरुवारी सव्वादोनला शिलाईवाली आली. हातात दोन झबली होती, दार उघडं असताना जिन्यातून कुणी पाहिलंच तर दिसावीत अशी.

"बटणं लावायला बसते," ती मोठ्यानं म्हणाली. "वर उजेड नाही."

वर भरपूर उजेड होता. काकूंनी दार लोटलं, कडी घातली नाही, आणि पाठ करून दुधाच्या बाटल्या धुवायला लागल्या. चार बाटल्या धुऊन झाल्या. मग कोपऱ्यातून शिलाईवालीचा आवाज सुरू झाला, हलका, एकसुरी, जिन्यातल्यासारखा मुळीच नव्हे. काय बोलत होती ते नळाच्या पाण्यात ऐकू येत नव्हतं. काकूंनी नळ बंद केला नाही.

बाटल्या पालथ्या घालून झाल्यावर त्यांनी सवयीनं मोजलं. अकरा. मग कोपऱ्यातल्या दोघींना धरून पुन्हा मोजलं.