फळीवरची कार्त्यायनी

आमच्या कण्णूरकडे रस्सीखेच हा पोरखेळ नाही. चेंडे, म्हणजे आमचे ढोल, वाजतात, माणसं माडांवर चढून बघतात, बक्षिसाला बोकड असतो आणि नेंद्र केळ्यांचा अख्खा घड. आमच्या बायकांच्या संघात दोराचं शेवटचं टोक बारा वर्षं एकाच बाईच्या कमरेला होतं. ती कार्त्यायनी. वयाने मोठी, म्हणून आम्हा सगळ्यांची चेच्ची, म्हणजे ताई.

चेच्ची चिऱ्याच्या खाणीवर काम करते. नवरा गेला तेव्हा धाकटी पाळण्यात होती. महिन्याभरात डोक्यावर चुंबळ आली आणि चुंबळीवर तीस-पस्तीस किलोचा चिरा. खाणीतून ट्रकवर जायला वीतभर रुंदीची तिरकी फळी, आणि तिच्यावर दिवसाला साठ-सत्तर फेऱ्या. मुली शिकल्या, थोरली नर्स झाली, पण फळी सुटली नाही. शेहेचाळीस वर्षांची बाई, पण पोटऱ्या बघाल तर फणसाच्या मुळ्या.

मग लिजेश आखातातून परतला, त्याने जिम काढली आणि आमचा कोच झाला. खांद्यावर बार, बारला वजनं, आणि बैठका. आम्ही पेटून उठलो. मी चाळीसवरून ऐंशी किलोवर गेले! फणसाच्या झाडाला कप्पी लावून दगडांनी भरलेलं पिंप टांगलं होतं, ते आमच्या एका हिसक्यात वर जायला लागलं. खोटं कशाला बोलू, बैठकांनी ताकद आली.

चेच्ची मात्र साठ किलो घेऊन खाली बसली ती वर येईना.

"चेच्ची, आता आराम करा," लिजेश म्हणाला.

"अरे, बसून कोण दोर ओढतं? एक पाय रोवायचा, दुसरा मागे टाकायचा. सगळं वजन एकेका पायावर. फळीवर मी दिवसभर दुसरं काय करते?"

"त्याला शास्त्र असतं, चेच्ची."

"असू दे की. आण तुझं शास्त्र एकदा फळीवर."

लिजेशने मत घेतलं. चेच्चीच्या जागी प्रसीता हवी असं कुणाला वाटतं? प्रसीता म्हणजे मी. सगळ्यांच्या आधी माझाच हात वर गेला. चेच्चीने तो पाहिला आणि ती राखीव खेळाडूंत जाऊन बसली. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

स्पर्धेच्या दुपारी वजनं झाली. सातजणींचं मिळून चारशे वीस किलो, त्यावर एक किलोही चालत नाही. काट्याने दाखवले चारशे सव्वीस. दोन महिने बैठका, रोज सहा अंडी, वर उकडलेला कप्पा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, आणि बांगड्याचं कालवण, दुसरं काय होणार! जिममध्ये लोखंड मोजलं, माणसं कुणी मोजलीच नाहीत. सर्वांत जास्त वाढलेली मीच, चौसष्ट किलो. आणि रेशनच्या दुकानात दिवसभर तांदूळ तोलणारीही मीच.

"तासभर पळू का?" मी विचारलं.

"पळून सहा किलो जातात होय?" लिजेश करवादला. मग त्याची नजर बाकाकडे गेली. चेच्ची सत्तावन्न किलो. सगळ्यांनी मनात एकच बेरीज केली. चारशे एकोणीस.

चेच्चीने पदर खोचला, बूट मागितले. मी माझे काढून दिले. ते देताना मला रडू आलं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं.

अंतिम सामना. दोन्ही संघांनी एकेक ओढ जिंकलेली, तिसरी निर्णायक. शिटी झाली आणि आमच्या पोरींनी असा हिसका दिला की समोरच्या हातभर सरकल्या. शाबास बैठकांची! पण तिथेच दोर थिजला. एक मिनिट गेलं, दोन गेली. पोरींच्या मांड्या थरथरू लागल्या. सगळ्या खाली बसून नुसत्या धरून होत्या, मागे पाऊल टाकायची कुणाची छाती होईना. दोर बोटाबोटाने पलीकडे चालला.

तेवढ्यात मागून आवाज आला, खाणीवरचा, खणखणीत. "डावा."

चेच्चीचा डावा पाय मागे गेला आणि रुतला. पुढच्या सहाजणींचे गेले.

"उजवा."

मैदान उभं राहिलं. डावा, उजवा, डावा, उजवा, जणू फळीवर उलटी चढत होती बाई. लिजेशही तिच्याबरोबर ओरडत होता. अकराव्या पावलाला दोरावरच्या खुणेने आमची रेषा ओलांडली. आणि मी, जिची जागा गेली होती ती मी, सगळ्यांच्या आधी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले.

बोकडाची दोरी लिजेशने स्वतः तिच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं खाणीवर हजर झालो, लिजेश आणि मी. चेच्चीने माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, वर चिरा ठेवला. माझे ऐंशी किलोवाले पाय फळीच्या तोंडाशीच अडले.

"त्या दिवशी हात कसा पटकन वर गेला होता, मोळे," लेकीला हाक मारावी तसं ती म्हणाली. "आता पाय उचल."