भिंतीवरचे ढिवर

मायच्या पायाखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. नव्या बंगल्याची फरशी पांढरी होती. बाईसाहेबांना तिच्यावर आमचे पाय नको होते. त्या कागदावर उभं राहूनच मायनं अख्खी भिंत रंगवली. चुना, गेरू, काजळी. डोंगे, जाळी, मासोळ्या. आणि तलावाच्या पाळीवरच्या, मातीच्या बांधावरच्या, आमच्या झोपड्या.

आम्ही ढिवर. नागपूरच्या त्या तलावावर आज्याच्याही आधीपासून मासोळी धरणारे. दिवाळीत आमच्या बाया भिंती रंगवायच्या, ते बघायला सदरसारख्या बड्या वस्तीतून लोक यायचे. मी शाळेत असताना पाळीवर बंगले उठले. तलावाला तारेचं कुंपण पडलं. बापाचा डोंगा काठावर पालथा झाला तो झालाच. बाप गांधीबागेच्या कापडबाजारात गाठी उचलू लागला.

वास्तुपूजेला बाईसाहेबांनी आम्हाला बोलावलं. जेवायला नाही. माय मासोळीचं टोपलं घेऊन भिंतीखाली बसली की पाहुण्यांना बरं दिसेल, म्हणाल्या. टोपलं रिकामं आणायचं. वास नको.

माय बसली. बाजूला मी. पाहुणे भिंत बघायचे, मग मायला बघायचे. एकानं फोटो काढला. साहेब खिडकीतून तलाव दाखवत होते. म्हणाले, "दिवाळीनंतर ह्या झोपड्या निघताहेत. मग इथून थेट पाणी दिसेल."

आमच्यासमोर बोलले. जसं तिथं कोणी बसलंच नव्हतं.

मी म्हटलं, "माय, ऊठ."

ती उठली नाही. हळूच म्हणाली, "बस वं. साहेबाची मर्जी राहिली तं आपलं घर वाचंल."

तेव्हा कळलं ती का बसली होती. मी उठले. साहेबांपुढं गेले.

"तुमाले भिंतीवर आमच्या झोपड्या चालतेत. पाळीवर काहून नाही चालत?"

मग मायनं मला सगळ्यांदेखत मारलं. मारत होती आणि साहेबांच्या पाया पडत होती. पोरगी येडी आहे, माफ करा, म्हणत होती. साहेब मागं सरकले.

झोपड्या निघाल्या. पाडणारे दिवाळीपर्यंतही थांबले नाहीत. आम्हाला लकडगंजच्या पलीकडं नाल्याकाठी टाकलं. तिथल्या भिंतीवर मायनं एक रेघ ओढली नाही. बाप तिथंच खोकून खोकून मेला.

पुढच्या उन्हाळ्यात बाईसाहेबांची मोटार आली. त्यांच्या मैत्रिणीला तसंच चित्र हवं होतं. माय चुलीपुढून उठली, पदर सारखा करू लागली. मी दारात आडवी उभी राहिले.

"माय नाही येत. मी बी नाही येत."

मोटार परत गेली. माय माझ्याकडं बघत राहिली. या वेळी तिचा हात उठला नाही. रडलीही नाही.

त्याच संध्याकाळी मी वस्तीतल्या बायांना गोळा केलं. सकाळी तलावावर जायचं, जाळं टाकायचं. पोलीस मारतील, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कोणालाच जायला दुसरी जागा नव्हती. एकीनं विचारलं, कुंपणाचं काय.

मी म्हटलं, तोडायचं. हात फाटले तरी तोडायचं.