डोळे मिटून बांधावरून

विमानतळाच्या दारात दादाने डोळे मिटले. आजूबाजूला बॅगा, ट्रॉल्या, रडणारे नातेवाईक, आणि त्यात हा उंचापुरा ट्रेलर ड्रायव्हर डोळे मिटून उभा. म्हणाला, "सांग, आता कुठं जाऊ?" मी म्हटलं, "मागं वळ. सरळ चाल. थांब, ट्रॉली येतेय. हं, चल." माझा आवाज पोचेनासा झाला, तेव्हाच त्याने डोळे उघडले असणार. तोवर मी आत शिरले होते, पुन्हा वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गेलेच नसते.

हा खेळ आमचा उरणच्या मिठागरातला. नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडे एका इंग्रजी कॉमिकचे जुने अंक मिळायचे. पाच सुपरहिरो, जग वाचवायला निघालेले आणि एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेले. थेट आमची भावकी! त्यातल्या उडणाऱ्याची नजर एका लढाईत जाते. तेव्हापासून टोळीतली लांबचं पाहू शकणारी बाई जमिनीवर बसून त्याच्या कानात बोलते: डावीकडे, वर, आता. बाकीचे भांडतात, फुटतात, पुन्हा एक होतात. पण तिने सांगितलं आणि त्याने 'का' विचारलं, असं कधी झालं नाही. दादा तो व्हायचा, मी ती. मिठागराच्या अरुंद बांधावरून तो डोळे मिटून धावायचा. बाबा ओरडायचे, "अगं, पाडशील त्याला मिठात!" धावता धावताच दादा म्हणायचा, "न्हाय पाडत ती."

आता मी रॉटरडॅमच्या बंदरात ऑफिसात बसते. आमच्याकडचे कंटेनर इथे उतरतात. त्यांना व्हिसा लागत नाही. तिकडे शुगरने दादाचे डोळे नेले. नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. वहिनी कामावर असते. म्हणून रोज संध्याकाळी तो व्हिडिओ कॉल लावून फोन गळ्यात अडकवतो, आणि इथल्या लंच ब्रेकमध्ये मी त्याला नाक्यापर्यंत नेते. डबा उघडाच राहतो. "डावीकडं खड्डा हाय. थांब, ट्रेलर जाऊ दे." इथल्यांना वाटतं, मी एकटीच बडबडते.

गाव सोडलेल्या तुम्हा सगळ्यांना एक विचारायचंय. तुम्हाला तुमचं गाव ओळखू येतं का? मला येत नाही. फोनमध्ये मिठागरावर टाकलेला भराव दिसतो, पत्र्याचं कुंपण, एकावर एक कंटेनर. दादा मात्र वाटेत म्हणतो, "आता आपलं मिठाचं आगर आलं. इथंच बाबा उभं राहून वरडायचे." मी नुसतं हो म्हणते. मला दिसतं त्यात आगर नाही, आणि त्याला आगराशिवाय काही दिसत नाही.

ते कॉमिक अजून चालू आहे. नवा अंक आला की चालता चालता मी त्याला वाचून दाखवते. गेल्या महिन्यातल्या अंकात उडणाऱ्याला नजर परत मिळाली. मी आधीच वाचून बसले होते. ही पानं गाळावीत असं फार वाटलं. पण त्याला मी आजवर खोटी वाट सांगितलेली नाही. वाचलं सगळं. तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला.

"बरं झालं," म्हणाला. "मंग ती आता काय करते?"

मी पानं उलटून पाहिली. शेवटपर्यंत एकाही चौकटीत ती नव्हती.

"ती न्हाय यात, दादा."

"असं कसं?" तो चिडलाच. "त्याला घरी कोण नेणार?"

मी अंक मिटला. फोनमधला रस्ता अंधारत चालला होता, ट्रेलरचे दिवे लागले होते, आणि दादा काही न विचारता माझ्या आवाजाची वाट पाहत उभा होता.

"मागं वळ," मी म्हटलं. "सरळ चाल. मी हाय."