खंडेनवमीचा दोरा

शिवाजी पेठेतल्या त्या एका खोलीच्या दुकानात भिंतभर चौकटी टांगलेल्या होत्या. दसऱ्यापासून त्यांत एकीचीही भर पडलेली नव्हती. फोटोच्या लाकडी चौकटी कापून जोडणं हा आकारामचा धंदा. पेठेतल्या फुटबॉल संघांचे फोटो त्याच्याकडेच यायचे. त्याचे कोपरे असे जुळायचे की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकत नसे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कटर मशीनने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नेली. दवाखान्यात जाण्याआधी त्याने उजव्या हाताने मशीनवर पोतं टाकलं आणि नंतर ते कुणाला उचलू दिलं नाही.

त्याची बायको वर्षाराणी चौकटींना काच बसवायची, मागे पुठ्ठा ठोकायची. आता ठोकायला काही उरलं नव्हतं. आकाराम दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसे. डावा हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवी, परक्याचं मूल सांभाळायला घेतल्यासारखा.

एके दुपारी तो म्हणाला, "पिराजी येतोय थोड्या वेळात. मशीन विकत घेऊन जाईल."

"आणि आपण काय करायचं?"

"भिंती बघायच्या."

"मी कापते की."

तो हसला. त्या हसण्याला आवाज नव्हता. "पुठ्ठा ठोकणं न्हवं ते. माझी दोन गेली, तुझी किती घालवतीस?"

"एक कोपरा कापते. जुळला तर मशीन द्यायची न्हाय. न्हाय जुळला तर मीच हात लावून टेम्पोत चढवते."

"पोतं काढायचं न्हाय!" तो एवढ्या जोरात ओरडला की समोरच्या तालमीच्या कट्ट्यावरची पोरं गप्प झाली. "हाय तसं जाऊ दे त्याच्याकडं."

विकायची वस्तू झाकून का द्यायची, हे तिला कळेना. ती उठली. तो मध्ये आला, एका हाताने पोत्याचं टोक धरून राहिला. एक हात दोन हातांपुढे किती वेळ टिकणार? पोतं खाली आलं.

पात्यावरचं तांबडं खंडेनवमीचं कुंकू होतं की दुसरं काही, ते आता ओळखू येत नव्हतं. पातं झाकणारा प्लॅस्टिकचा गार्ड वर उचलून मुठीला बांधलेला होता. लाल दोऱ्याने. गाठ तिचीच होती.

हत्यारांच्या पूजेला तो गार्ड सारखा खाली येत होता, पात्याला कुंकू लावू देत नव्हता. म्हणून तिने पूजेच्याच दोऱ्याने तो आवळला होता आणि वर झेंडूचा हार घातला होता. पातं वर उचललं की गार्डने ते आपोआप झाकायचं. त्या दिवशी तो झाकायला आलाच नाही.

ती फरशीवर बसली. "अवो, म्हणजे मी..."

"हार काढताना बघितला व्हता की मी. म्हटलं, पूजेचा दोरा, कशाला तोडायचा. एवढी एक चौकट कापू, मग सोडू. आणि पातं फिरत असतानाच तुकडा उचलायला हात घातला. तुझं काय न्हाय त्यात."

"मग इतके दिवस लपवलं का?"

"बघितलं असतंस तर जेवली असतीस का?"

ती उठली. मग तिने कात्री घेतली.

"थांब. आधी पिन काढ बोर्डातनं."

तिने पिन काढली. कात्रीने दोनदा हवाच कापली. मग दोरा तुटला. गार्ड टक्कन पात्यावर येऊन बसला, मध्ये काही घडलंच नसल्यासारखा.

"पदर खोच," आकाराम म्हणाला. "चष्मा घाल. बांगड्या काढ."

"बांगड्या?"

"जित्ता हाय मी अजून. काढ."

तिने त्या एकेक करून काढल्या. टाकाऊ पट्टी मागच्या आधाराला टेकवली, क्लॅम्प आवळला, डावा हात पात्यापासून वीतभर लांब ठेवला. पिन लावली. मशीन किंचाळलं तेव्हा आकारामने डोळे मिटले.

"खटका सोड. पण वर करू नको! पातं थांबंस्तोवर दाबून धर."

कापलेले दोन तुकडे तिने काटकोन तपासायच्या गुण्यात धरून जुळवले आणि दाराच्या उजेडाकडे केले. कोपऱ्यातून उजेडाची बारीक रेघ आरपार आली.

"फट हाय," ती म्हणाली.

बाहेर पिराजीच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. "वैनी! बांधून ठेवलीया न्हवं मशीन?"

आकाराम उठला. टॉवेल मांडीवरून गळून पडला, तो त्याने उचलला नाही. "पिन काढ. पंचेचाळीसच्या रेघंवर ही मशीन खोटं बोलती. केसभर अलीकडं घे."

तिने कोनाचा काटा सरकवला. पिन लावली, खटका दाबला.

"वैनी! आकाराम! अरं, माणूस घेऊन आलोय उचलायला!" पिराजी उंबऱ्यात येऊन ओरडत होता.

तिने खटका सोडला. मूठ मात्र खाली दाबून धरली. दोघांपैकी कुणीही मान वळवली नाही. पातं अजून फिरत होतं.